कॅक्टसवरचा प्रत्येक तपकिरी डाग बुरशीचा नसतो

व्हॉट्सॲपवर एक संदेश सतत पुढे पाठवला जातो आहे. ‘कॅक्टसवर तपकिरी डाग दिसला की समजा बुरशी लागली. पाणी लगेच पूर्ण बंद करा, डागावर दालचिनीची पूड लावा, कडुनिंबाचं तेल फवारा आणि कुंडी कडक उन्हात ठेवा. पुढच्या वेळी तळाशी खडे घातलेत की हा त्रास कायमचा संपेल.’ हेतू चांगला असेलही. पण हे सगळं सरसकट केलं तर धडधाकट झाड दगावतं, आणि खरोखर सडत चाललेलं झाड वाचवायची वेळ हातची निघून जाते. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

‘डाग म्हणजे बुरशी.’ सगळी गडबड इथूनच सुरू होते. डाग कुठे आहे, हाताला कसा लागतो आणि पसरतो आहे का, हे पाहिल्याशिवाय कारण सांगताच येत नाही. बुडाशी सुरू होऊन महिनोन्‌महिने सावकाश वर चढणारा, कोरडा, टणक, सालीसारखा थर हे वयाचं लक्षण आहे. वाढत्या खोडाला भार पेलायचा असतो, म्हणून ते बुडाकडून कठीण होत जातं. त्यावर काहीही करायचं नाही. उन्हाच्या बाजूलाच डाग आहे, आधी पांढुरका-पिवळसर होता आणि मग खरखरीत तपकिरी झाला, दुसरी बाजू मात्र हिरवीगार आहे, तर ती उन्हाने भाजलेली जागा आहे.

शेंड्याजवळच्या कोवळ्या वाढीवर गंज चढल्यासारखे बारीक ठिपके असतील तर लाल कोळ्याचा, म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या अगदी बारीक किडीचा, संशय घ्या. झाडाखाली पांढरा कागद धरा आणि काट्यांवर पेन्सिलने हलकेच टिचक्या मारा. कागदावर पडलेल्या कणांकडे थोडा वेळ टक लावून पाहा. त्यातले काही चालायला लागले आणि बोटाने पुसल्यावर तांबूस रेघ उमटली, तर शंकेला जागा उरत नाही. उंचवट्यासारखे, नखाने खरवडल्यावर सुटून येणारे तपकिरी ठिपके म्हणजे खवले कीड.

आणि सड? ती मऊ असते, ओलसर असते, गडद होत जाते, बऱ्याचदा बुडाशी किंवा जखमेपाशी सुरू होते आणि काही दिवसांत पसरते. कधी कधी वासही येतो. तीसुद्धा दर वेळी बुरशीचीच असते असं नाही. जिवाणूंमुळेही कॅक्टस सडतो. फायटोफ्थोरा हा सड आणणारा नेहमीचा सूक्ष्मजीव बुरशीसारखा दिसतो, पण खऱ्या बुरशींत मोडत नाही, त्यामुळे अनेक बुरशीनाशकांचा त्याच्यावर परिणाम होत नाही.

‘पाणी पूर्ण बंद करा.’ डाग वयाचा किंवा उन्हाचा असेल तर वाढीच्या दिवसांत पाणी तोडणं ही झाडाला विनाकारण शिक्षा आहे. बारीक मुळं सुकतात, खोड सुरकुततं, ते पाहून माणूस घाबरतो आणि एकदम भरपूर पाणी ओततो. ते शोषायला मुळंच उरलेली नसतात, माती ओली राहते आणि तेव्हा खरी सड लागते. उलट सड आधीच असेल तर नुसतं पाणी थांबवून ती थांबेल याचा भरवसा नाही. झाड कुंडीतून काढून मुळं पाहावीच लागतात. निरोगी मूळ फिकट आणि घट्ट असतं. सडलेलं मूळ काळपट असतं आणि ओढल्यावर साल सुटून आतला दोरा तेवढा हातात राहतो. एरवी पाण्याचा नियम साधा आहे: तळातून वाहेपर्यंत द्या आणि कुंडीतलं मातीचं मिश्रण खालपर्यंत कोरडं झाल्यावरच पुन्हा द्या. लाकडी काडी तळापर्यंत खुपसून बाहेर काढली की ओल कळते. थंडीत, झाड विश्रांती घेत असताना, हे अंतर बरंच वाढतं.

‘दालचिनीची पूड लावा.’ दालचिनीतल्या घटकांना प्रयोगशाळेत बुरशीची वाढ रोखताना पाहिलं गेलं आहे, हे खरं. पण कॅक्टसची साल जाड आणि मेणचट असते, आणि सड असते आतल्या गरात. वरून लावलेली पूड तिथवर पोचतच नाही. सडीवर खरा उपाय सुरीचा आहे. पातं अल्कोहोलने पुसा, सडलेल्या भागाच्या वर, निरोगी भागात आडवा काप घ्या आणि कापलेला पृष्ठभाग नीट पाहा. मध्यभागी वाहिन्यांचं एक कडं दिसतं. त्यात तपकिरी किंवा तांबूस ठिपका असेल तर पातं पुन्हा पुसून आणखी वर कापा. कडं पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत थांबायचं नाही. इथे हात आखडला तर राहिलेला एक ठिपका सगळं झाड घेऊन जातो. मग तो तुकडा सावलीत, हवेशीर जागी ठेवा आणि कापावर कोरडी, घट्ट खपली धरू द्या. लहान तुकड्याला आठवडाभर, जाड खोडाला काही आठवडे लागतात. त्यानंतरच कोरड्या मिश्रणावर उभा करा.

‘कडुनिंबाचं तेल फवारा आणि कडक उन्हात ठेवा.’ हा जोड सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. तेलाचा थर असलेल्या सालीवर कडक ऊन पडलं की ती भाजते, म्हणजे एका डागाचे दहा होतात. निळसर झाक असलेल्या कॅक्टसवर नैसर्गिक मेणाची भुकटी असते, ती तेलाने निघून जाते. कोळी किंवा खवले कीड असेल तर तेलाचा उपयोग आहे, पण संध्याकाळी आणि आधी एका कोपऱ्यावर लावून बघून. सडीवर आणि जुन्या व्रणावर त्याचा काही उपयोग नाही.

ऊनही सगळ्यांना सारखं मानवत नाही. घरात वाढलेल्या झाडाला दोन-तीन आठवडे थोडं थोडं ऊन वाढवत सवय लावावी लागते. ख्रिसमस कॅक्टस मूळचा ब्राझीलच्या दमट डोंगराळ जंगलांतला, झाडांच्या फांद्यांवर आणि खडकांवर वाढणारा. कडक उन्हात तो लालसर पडून कोमेजतो. लाल-पिवळ्या गोळ्याचा कलमी मून कॅक्टसही लवकर भाजतो, कारण त्या रंगीत भागात हरितद्रव्य जवळजवळ नसतंच.

‘तळाशी खडे घाला.’ पाणी बारीक मातीतून मोठ्या खड्यांत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजेपर्यंत ते खड्यांच्या वरच अडून राहतं, म्हणजे ओला थर उलट मुळांच्या जवळ येतो. कुंडीला छिद्र हवं आणि निम्मं तरी मिश्रण परलाइट, प्युमिस (दोन्ही हलके, सच्छिद्र खडे) किंवा जाड वाळूचं हवं. बाहेरच्या शोभेच्या कुंडीत साचलेलं पाणी ओतून टाका.

राहिला डाग जाण्याचा प्रश्न. व्रण झालेली जागा पुन्हा हिरवी होत नाही, कोणत्याही उपायाने. बघायचं ते तो वाढतो आहे का. डाग कोरडा आणि टणक असेल तर त्याच्या कडेला बारीक मार्करने खूण करा किंवा फोटो काढून ठेवा, आणि दोन आठवड्यांनी ताडून पाहा. मऊ लागला तर मात्र थांबू नका. त्याच दिवशी झाड कुंडीतून बाहेर काढा.