लिनक्सचा क्लास चालवणाऱ्या सरांना मोफत सल्ला

पहिल्या पायरीचं लिनक्स प्रमाणपत्र खिशात असलेला एक पोरगा परवा मुलाखतीला आला होता. सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडची होल्ड स्पेस (मजकूर तात्पुरता बाजूला ठेवायची जागा) तोंडपाठ. लॉगच्या, म्हणजे नोंदींच्या फाइलच्या, शेवटच्या 20 ओळी दाखव म्हटलं, तर अख्खी फाइल छापणाऱ्या कॅट कमांडनं ती पूर्ण ओतून माऊसनं वरखाली करत बसला. असं रत्न सहजासहजी घडत नाही. ज्यांना घडवायचंय त्यांनी पुढं वाचावं.

परीक्षेची उद्दिष्टं मुळीच वाचू नका. लिनक्स इसेन्शियल्स या पहिल्या पायरीच्या परीक्षेत मजकूर हाताळायला ग्रेप (शोधणं), हेड, टेल (पहिल्या, शेवटच्या ओळी), लेस (पानापानानं वाचणं), सॉर्ट (क्रम लावणं), कट (रकाना काढणं), डब्ल्यूसी (मोजणं) आणि रेगेक्सची, म्हणजे शोधायच्या नमुन्याची, मोजकी चिन्हं, साधारण एवढंच आहे. सेड नाही, ऑक (रकान्यांवर काम करणारी छोटी भाषा) नाही. पेपर 40 प्रश्नांचा, वेळ 60 मिनिटं. एवढ्याशाची फी कोण देणार? म्हणून पहिल्याच आठवड्यात ऑकचे ॲरे काढा. ऑक तर पुढच्या पायरीच्या एलपीआयसी-1 प्रमाणपत्राच्या उद्दिष्टांतही नाही, पण फ्लेक्सवर नाव भारी दिसतं.

ऑप्शनचे तक्ते पाठ करून घ्या. लातूर पॅटर्न बारावीला चालतो, मग टर्मिनलला का नाही?

ग्रेपच्या पॅटर्नला अवतरणचिन्हं लावायला सांगू नका. चांदणीचं (*) काय करायचं ते शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, बघून घेईल, तिच्या जागी फाइलींची नावं भरून.

फाइल जागच्या जागी बदलणारं सेड -आय थेट चालू सर्व्हरच्या फाइलवर दाखवा. -आय.बॅक लिहून जुनी प्रत ठेवणं भित्र्यांचं काम.

सारख्या ओळी एकत्र करणारी युनिक कमांड शिकवताना सॉर्टचा उल्लेख टाळा. फाइलमध्ये औसा, उदगीर, औसा, निलंगा, औसा अशा पाच ओळी द्या आणि कुठली ओळ किती वेळा आली ते मोजणारं युनिक -सी मारायला लावा. प्रत्येकीपुढं 1 येईल. पोरगं विचारेल, "सर, हे असं का करायलंय?" तुम्ही म्हणा, पेपरात विचारत नाहीत. युनिक फक्त लगतच्या ओळीशी तुलना करतं, म्हणून आधी सॉर्ट लागतं, हे सांगायला अर्धं मिनिट पुरतं. पण ते अर्धं मिनिट तुमच्याकडं नसतं! नंतर हेच पोरगं आकडे -एन (आकड्याच्या किमतीनं क्रम लावायचा ऑप्शन) शिवाय सॉर्ट करतं आणि 100 हा 25 च्या आधी बघून मशीनला दोष देतं. मग 'सॉर्ट यादी > यादी' मारतं आणि यादी कोरी होते, कारण सॉर्टनं वाचायच्या आत शेल ती रिकामी करतो. निकाल त्याच फाइलमध्ये नीट लिहिणारा -ओ कुणी दाखवलेलाच नसतो. कटचीही तीच गत: रकान्यांमध्ये चार स्पेस असल्या की मधले रकाने रिकामे मोजले जातात. ऑक लागतं ते इथं, नुसता रकाना छापण्यापुरतं. एका ओळीचं काम. तुम्ही त्यावर महिना काढता आणि नेमकी ती ओळच गाळता.

बस झालं. लाज वाटू द्या जरा. सोयाबीन विकून बाप फी भरतो, पोरगं परभणीहून पहाटेची गाडी धरून येतं आणि तुम्ही त्याला पीपीटी दाखवता. सात-आठ कमांड शिकवा, पण पाइपला (एका कमांडचा निकाल पुढचीला देणाऱ्या | चिन्हाला) एकेक जोडत, दर टप्प्याला काय बाहेर पडतं ते दाखवत. डेटा मुद्दाम घाणेरडा द्या. सेड म्हणजे शब्द बदलणं, ऑक म्हणजे रकाना छापणं, त्यापुढचं पुढच्या कोर्सला. आणि उद्यापासून तो प्रोजेक्टर बंद करून पोरांच्या हातात कीबोर्ड द्या.