माळ्यावरची वायर

रविवारी सकाळी चहा संपवता संपवता मी घरातल्या एका चिमुकल्या कॉम्प्युटरवर अपडेट सोडलं. पानभर मजकूर सरसर वर गेला. त्यात एक ओळ तांबडी होती असं आता आठवतं. पण तांबड्या ओळी वाचत बसलं तर माणसाचा रविवार सरायचा कसा? रीबूट दिलं आणि अंघोळीला गेलो.

बाहेर आलो तर दारातच आई. "अरे, नेट गेलंय. माझं कीर्तन लागत नाहीये."

आमच्या टीव्हीमागे पत्त्यांच्या जोडाएवढा तो एआरएम, म्हणजे मोबाइलसारख्या चिपचा, कॉम्प्युटर आहे. जाहिराती अडवायला मी बसवलाय. घरातला प्रत्येक फोन कुठल्याही साइटचा पत्ता आधी त्यालाच विचारतो. म्हणजे तो झोपला की अख्खं घर पत्ता हरवलेलं. ही गोष्ट मी बायकोला कधी नीट सांगितली नव्हती. त्या सकाळी सांगावी लागली.

साध्या पीसीत निदान बायोस नावाचं वडीलधारं माणूस असतं, बिनसलं तर स्क्रीनवर दोन शब्द बोलतं. इथे तसं कोणी नाही. आधी चिपमध्ये कोरलेला एक इवलासा प्रोग्राम जागा होतो. तो एसपीएल नावाच्या जरा मोठ्या प्रोग्रामला हलवतो, एसपीएल रॅमला उठवून त्याहून मोठ्या यू-बूटला हाक मारतो आणि यू-बूट कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला. शाळेच्या दिवशी आमच्या घरात असंच चालतं: आई मला, मी बायकोला, बायको पोराला. मधल्या एकानं कूस बदलली की बस चुकली. इथे कूस कोणी बदलली ते कळायला मार्ग नव्हता. तांबडा दिवा चालू, हिरवा मेलेला, स्क्रीन काळी. मी संशय घेतला यू-बूटवर, म्हणजे कर्नलला उठवणाऱ्या बूटलोडरवर. जर्मन भाषेत यू-बूट म्हणजे पाणबुडी, आणि हा प्रोग्राम सुरू करणारे वोल्फगांग डेंकही जर्मनच. नाव चपखल. पाणबुडी खाली काम करतेय की कायमची बुडालीय, हे वरून काय दिसणार?

बोर्डातलं मेमरी कार्ड काढून घातलं. अ‍ॅडॉप्टर बदलला. बोर्डावर फुंकरसुद्धा मारली (हसू नका, तुम्हीही मारता). शेवटी एकच उपाय उरला, बोर्डाचं बोलणं लॅपटॉपवर दाखवणारी सीरियलची वायर. ती माळ्यावर होती.

आमचा माळा हा आईचा जुना दुखरा विषय. त्यात माझी मोबाइलची अकरा रिकामी खोकी, दोन मेलेले राउटर आणि "लागेल कधीतरी" असं लिहिलेली एक पिशवी आहे. वायर त्याच पिशवीत निघाली. स्टुलावरून मी विजयी मुद्रेनं खाली पाहिलं. आई काही बोलली नाही.

तीन टोकं जोडायची: ग्राउंडला ग्राउंड, पण याचं टीएक्स त्याच्या आरएक्सला. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला, एवढंच. मी तोंडाला तोंड जोडून वीस मिनिटं शांततेकडे बघत बसलो. मग उलटं केलं, तर स्क्रीनवर नुसती चौकोनं आणि प्रश्नचिन्हं. मी ऐकत होतो नेहमीच्या १,१५,२०० बॉडच्या वेगानं. या चिपचा वेग १५,००,०००. आकडा बदलला मात्र, घडाघडा मराठी शाळेतल्या पाढ्यांसारखं सगळं बाहेर आलं. एसपीएल जागा, रॅम जागी, यू-बूट ठणठणीत. आणि शेवटी: व्हेरिफाइंग चेकसम, बॅड डेटा सीआरसी, म्हणजे फाइल तपासली आणि ती खराब निघाली. रॅमडिस्कची, म्हणजे कर्नलला उठताना लागणाऱ्या सामानाची, फाइल अर्धवट.

म्हणजे बिचारी पाणबुडी सकाळपासून खरं तेच ओरडत होती.

कार्ड लॅपटॉपला लावून बूटचं पार्टिशन, म्हणजे या फायलींचा कप्पा, उघडलं. २५६ एमबी, शंभर टक्के भरलेलं. आत माझे सहा जुने कर्नल, लागतील कधीतरी म्हणून ठेवलेले. नवी रॅमडिस्क लिहिताना जागा संपली, आणि हेच त्या तांबड्या ओळीत लिहिलेलं असणार.

एका जुन्या कर्नलचं नाव देऊन बोर्ड उठवला, बाकीचे उडवले, रॅमडिस्क नव्यानं बनवली. हिरवा दिवा लुकलुकला. आतून कीर्तन सुरू झालं.

"काय झालं होतं रे?" आईनं विचारलं.

"जुनं सामान साठलं होतं. नव्याला जागाच नव्हती," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच जीभ चावली.

वायर परत ठेवायला गेलो तेव्हा आई स्टूल धरून उभी होती. दुसऱ्या हातात रिकामं पोतं.