गणवेश मिळाला, मत नाही

पहिल्या महायुद्धात कॅनडाकडून लढलेला शीख सैनिक बकम सिंग याच्यावरील लेखातले 'गणवेश चढवताच बकम सिंग कॅनडाचा झाला' हे विधान पटत नाही. 1915 मध्ये तो सैन्यात भरती झाला, तेव्हा तो कॅनडाच्या ज्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आधी उतरला होता, तिथे हिंदी (म्हणजे भारतीय) लोकांना मताधिकार नव्हता आणि मायदेशाहून थेट, न थांबता प्रवास करण्याच्या 1908 च्या अटीमुळे पंजाबातील पत्नीला आणणेही जवळजवळ अशक्य होते. (तशी थेट बोटसेवाच नव्हती, हे अट घालणाऱ्यांना ठाऊक नसेल असे कोण म्हणेल?)

1916 मध्ये तो दोनदा जखमी झाला, पुढे क्षयाने ग्रासला आणि ऑगस्ट 1919 मध्ये ऑन्टारियोतील किचनर येथे वारला. ब्रिटिश कोलंबियात हिंदी लोकांना मताधिकार मिळाला तो थेट 1947 मध्ये, आणि लेखात नेमका त्याचाच उल्लेख नाही.