‘लायटरने पेटत नाही आणि डोकं धरतं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही आमच्या हुक्क्यासाठीच्या करवंटीच्या कोळशाला दोन तारे दिलेत. तक्रारी अशा: लायटरने पेटत नाही, गॅसवर धरला तर तडतडला आणि एक तुकडा फुटला, राख पांढरी पडते म्हणजे भेसळ असणार, आणि खोली बंद करून बसल्यावर अर्ध्या तासात तुमचं आणि मित्राचं डोकं धरलं, मळमळायला लागलं. याच्यापेक्षा आधीचा लायटरवर पेटणारा कोळसा बरा, असं शेवटी म्हटलंत.

बाकीचं सगळं मागाहून बोलू, आधी डोकेदुखीचं. तुम्ही ती तक्रार सर्वांत शेवटी, एका ओळीत लिहिली आहे, पण मला ती वाचून सगळ्यात जास्त काळजी वाटली. कोळसा कुठलाही असो, जळताना त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतोच. आमच्या कोळशातूनही निघतो. या वायूला रंग नाही, वास नाही, त्यामुळे खोलीत तो साठतोय हे डोळ्यांना किंवा नाकाला कळत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला २०० पटींहून जास्त ओढीने धरतं, आणि मग शरीराला ऑक्सिजन कमी पडू लागतो. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं ही त्याचीच लक्षणं. ‘फ्लेवर (हुक्क्यात भरतात ते सुगंधी मिश्रण) कडक होता’ किंवा ‘सवय नव्हती’ म्हणून ती सोडून देऊ नका. पुन्हा असं झालं तर हुक्का तिथेच ठेवून दोघांनीही लगेच मोकळ्या हवेत जायचं. बाहेर येऊनही बरं वाटत नसेल, कुणाला भोवळ आली किंवा कुणी असंबद्ध बोलायला लागलं, तर थेट दवाखाना गाठायचा आणि कोळशाचा धूर झाला होता हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं.

पाण्यातून धूर येतो म्हणजे तो गाळून येतो, असं बरेच जण धरून चालतात. हा वायू पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे तो सरळ वर येतो. निकोटिन नसलेला फ्लेवर वापरला तरी यात फरक पडत नाही, कारण हुक्क्याच्या धुरातला बहुतेक कार्बन मोनॉक्साइड कोळशातून येतो, फ्लेवरमधून नाही. म्हणून दारं-खिडक्या लावून कुठलाच कोळसा पेटवू नका, आमचाही नाही आणि दुसऱ्या कुणाचा महागातला असला तरी तोही नाही. खिडकी उघडी ठेवली, कोळसा पूर्ण फुलवून घेतला, तर त्रास कमी होतो. पण धोका उरतोच, आणि कोळसा विकणाऱ्याने तो नाही असं कधी म्हणू नये.

आता पेटण्याविषयी. हा कोळसा लायटरने पेटणार नाही, कारण त्यात पेटवायला मदत करणारं काही घातलेलंच नाही. करवंटी जाळून तिचा कोळसा करतात, तो दळतात, थोड्या स्टार्चमध्ये बांधतात आणि दाबून चौकोनी तुकडे पाडतात. इतकंच. तुम्ही आधी वापरत होता त्या गोल, मधे खळगा असलेल्या चकत्यांमध्ये पोटॅशियम नायट्रेटसारखा ज्वलनाला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ असतो. म्हणून लायटर लावताच ठिणग्या सरसरत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पळतात आणि दोन मिनिटांत काम होतं. सुरुवातीचा तो फटाक्यासारखा वास त्याचाच. ती चकती वापरायचीच असेल तर ठिणग्या पूर्ण थांबून सगळ्या पृष्ठभागावर करडा थर येईपर्यंत तिला चिलमीवर, म्हणजे हुक्क्याच्या फ्लेवर भरलेल्या वरच्या वाटीवर, ठेवू नका. घाईत ठेवली की तो वास पहिल्या झुरक्यापासून फ्लेवरमध्ये बसतो आणि शेवटपर्यंत जात नाही. शिवाय ती लवकर संपते, धग झरझर उतरते, मग मधेच दुसरी पेटवावी लागते.

करवंटीच्या कोळशाला वेळ द्यावा लागतो. २५ मिलिमीटरचा तुकडा विजेच्या कॉइल शेगडीवर साधारण ८ ते १० मिनिटं घेतो. अर्ध्यात चिमट्याने उलटायचा. वरून लाल दिसला म्हणजे झाला असं नाही. उचलून खालची बाजू बघा, चारी कडा बघा. कुठेही काळा डाग उरला असेल तर तो भाग अजून कच्चा आहे. कच्चा निखारा धुमसतो, कोळशाची चव देतो आणि कार्बन मोनॉक्साइडही जास्त सोडतो. तुम्ही गॅसवर ‘दोन-तीन मिनिटं धरला’ असं लिहिलंय. तेवढ्यात तो बाहेरून लाल होतो, आत काळाच राहतो. त्या दिवशीच्या डोकेदुखीला बंद खोलीच्या जोडीने हा कच्चेपणाही कारण झाला असावा असं मला वाटतं. कॉइल नसेल तर गॅसवर जाळीचं भांडं ठेवा, म्हणजे तुकडे बर्नरमध्ये पडणार नाहीत. काचेच्या शेगडीवर मात्र ठेवू नका, काच खराब होते.

पूर्ण फुललेला तुकडा मग तासभर तरी धग धरतो. मध्यम चिलमीला दोन किंवा तीन तुकडे पुरतात. ते चिलमीवर ताणलेल्या फॉइलच्या कडेला लावायचे, मधोमध नाही. मधे ठेवले की खालचा फ्लेवर करपतो आणि घसा धरतो, आणि दोष कोळशाला जातो. मधून मधून राख झटकायची, कारण तिचा थर साचला की धग अडते.

पांढरी राख ही भेसळीची खूण नाही. चांगल्या करवंटीच्या कोळशाची राख पांढरट किंवा फिकट करडीच असते, आणि थोडी असते.

तडतडण्याचं बहुतेक वेळा कारण ओल असतं. कोळसा हवेतली ओल ओढून घेतो, मग अचानक मोठ्या आचेवर आतली वाफ बाहेर पडायला बघते आणि तुकडा फुटतो. उघडलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि आच बेताची ठेवा. पण सीलबंद पाकिटातलाच तुकडा फुटला असेल तर ती आमची जबाबदारी. खोक्यावरचा बॅच क्रमांक आणि फुटलेल्या तुकड्यांचा फोटो ऑर्डरच्या मेसेजमध्ये पाठवा, नवं खोकं येईल. १० मिनिटं थांबणं तुम्हाला जमणारं नसेल तर तेही तसंच कळवा. न उघडलेली पाकिटं परत घेऊन पैसे देऊ.

आणि वापरलेले निखारे प्लास्टिकच्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. वरून राख झालेली दिसली तरी आत बराच वेळ विस्तव असतो. धातूच्या भांड्यात घेऊन, पाणी ओतून, पूर्ण गार झाल्यावरच फेका.