‘नदी वाळू परत आणून देते’ हे उजनीच्या खाली खरं नाही

भीमा आणि सीनेकाठच्या गावांत एक युक्तिवाद मोबाईलवरून मोबाईलवर फिरतोय. सांगणं थोडक्यात असं: नदी दर पावसाळ्यात वाळू परत आणून टाकते, त्यामुळे ट्रॅक्टरभर उपसून काही बिघडत नाही. खड्डा पडला तर उलट पाणीच साठतं. पर्यावरणाचे नियम मोठ्या खाणींसाठी आहेत, ते ट्रॅक्टरवाल्याला लावणं म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय देणं. आणि ज्यांनी स्वतः सिमेंटची घरं बांधली त्यांनी वाळूबद्दल बोलू नये. हे वाचून मान डोलावणाऱ्यांत चांगली जाणती माणसं आहेत, म्हणून उत्तर द्यायला हवं.

पहिला मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा, कारण बाकीचे त्याच्यावरच उभे आहेत. धरण नसलेल्या नदीबद्दल तो बऱ्याच अंशी खराही आहे. डोंगर झिजतो, दाणे वाहत येतात, पूर ओसरला की पात्रात वाळू पसरते. पण 1980 साली भीमेवरचं उजनी धरण पूर्ण झालं. सुमारे 117 टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) हा जलाशय पाणी अडवतो तसा वरून येणारा गाळही अडवतो. पाण्याचा वेग मंदावला की सगळ्यात आधी जड दाणा खाली बसतो, म्हणजे वाळू वरच्या वरच अडकते. दरवाजे उघडल्यावर पंढरपूरकडे येतं ते पाणी. वाळू त्याच्यामागे येत नाही. नरसिंगपूरला नीरा मिळते, पण तिच्यावर वीर धरण आहे. माण नदी वाहते तीच मोजके दिवस. सीनेवर कोळेगावचं धरण आणि जागोजाग कोल्हापुरी बंधारे. म्हणजे पंढरपूर, मंगळवेढा, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट या पट्ट्यात आज पात्रात जी वाळू उरली आहे ती बरीचशी आजोबांच्या काळातली ठेव आहे. तिच्यात भर पडणं जवळपास थांबलंय आणि खर्च चालू आहे.

यावर सप्टेंबर 2025 च्या सीनेच्या पुराचा दाखला दिला जातो: बघा, पुराने खड्डे भरले. पण कशाने भरले ते पाहा. त्याच पुरात काठची शेतं खरडून गेली. नदीच्या तळाला खोल खड्डा असला की वेगात आलेलं पाणी तो भरून काढण्यासाठी वरच्या अंगाचा तळ आणि काठ कापत जातं. खड्ड्यात येऊन बसते ती बरीचशी शेतकऱ्याची माती. हा भरणा आपल्याच उभ्या रानातून निघालेला असतो, आणि ते रान पुढच्या पावसाळ्यात परत मिळत नाही.

खड्ड्यात पाणी साठतं, हे खरं आहे. 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट, 2.83 घनमीटर. एवढ्या वाळूत दाण्यांमधली पोकळी साधारण तिसरा हिस्सा धरली तर तिच्यात साडेनऊशे लिटरच्या आसपास पाणी मावतं, आणि मोकळ्या खड्ड्यात त्याच्या तिप्पट. पण आपल्या उन्हाळ्यात उघडं पाणी रोज उडतं. वाळूखालचं पाणी, वरचा थर वाळला की, झाकल्यासारखं राहतं. दुष्काळात जुनी माणसं पात्रात झिरे खणून प्यायचं पाणी काढत ते याच भरवशावर. खड्ड्याच्या तळाशी चिखल बसला की जमिनीत मुरणंही मंदावतं. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला तर आजूबाजूच्या विहिरींचं पाणी त्याच्याकडे ओढलं जातं. सोलापूर शहराला याची झळ थेट लागते: उजनीतून शहरासाठी नदीत सोडलेलं पाणी शंभर किलोमीटरहून जास्त पात्र तुडवत औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांत पोचतं, आणि वाटेतला प्रत्येक कोरडा खड्डा आधी स्वतःची भर करून घेतो. चंद्रभागेच्या पात्रातल्या अशा खड्ड्यांत बुडून वारकरी गेले आहेत. त्यांच्या घरच्यांना ‘पाणी साठतं’ हे कोण सांगणार?

नियम फक्त मोठ्यांसाठी आहेत, हे साफ चूक. साधी वाळू आणि मुरूम कायद्यात गौण खनिजं आहेत, आणि 27 फेब्रुवारी 2012 ला दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 5 हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. कारण सोपं आहे. मोठा पट्टा तुकडे करून लहान दाखवला जात होता, आणि लहान लहान उपसे मिळून नदीचं तेवढंच नुकसान करत होते. समजा एका ठिकाणी 20 ट्रॅक्टर, प्रत्येकाच्या दिवसाला 4 खेपा, खेपेला 1 ब्रास. 200 दिवसांत 16,000 ब्रास होतात, म्हणजे साधारण साडेचार हेक्टर पात्र मीटरभर खाली जातं. यातला एकही जण मोठा नाही. माढा तालुक्यातल्या कुर्डू गावचा मुरूम उपसा 2025 मध्ये राज्यभर गाजला तेव्हाही गावच्या रस्त्यासाठीच उपसा होता, असं समर्थन झालं. काम गावाचं असलं तरी परवाना लागतोच.

पोटाचा मुद्दा मात्र मला झटकता येत नाही. महसूल संहितेच्या कलम 48 प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि गाडीची जप्ती होते, तेव्हा रस्त्यावर सापडतो तो चालक. पात्रात पाटी भरणाऱ्या मजुराच्या हाती तर सगळ्यांत कमी पडतं, आणि माल कुणी मागवला याची चौकशी बहुधा तिथेच थांबते. हा अन्याय आहे. पण त्यावर उपाय नियम मोडायला मोकळीक देणं नाही, दंड वरपर्यंत पोचवणं हा आहे. घरकुलवाल्यांच्या नावाने हा युक्तिवाद चालतो, त्यांच्यासाठी 2025 च्या वाळू धोरणात 5 ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे. ती वेळेवर मिळत नसेल तर तहसीलदारांना जाब विचारावा. त्या रागात रात्रीचा ट्रॅक्टर मागवला, तर घरकुलाचं नाव पुढे करून धंदा करणाऱ्यांचंच फावतं.

शेवटचा मुद्दा घरवाल्यांचा. सिमेंटचं घर बांधलं म्हणून गप्प बसावं, असं नाही. उलट वाळू वापरली म्हणूनच आपल्याला उत्तर द्यावं लागतं. पैसे आपण देतो, म्हणून ट्रॅक्टर रात्री निघतो. खेप उतरवण्याआधी वाहतूक पास मागा आणि सरकारच्या महाखनिज या ऑनलाइन प्रणालीतला त्याचा क्रमांक गाडीशी ताडून बघा. पास नसेल तर माल परत पाठवा, गवंडी चार दिवस थांबला तरी चालेल. स्लॅब-कॉलमला क्रश सँड वापरा. काँक्रीटच्या वाळू-खडीसाठीच्या आयएस 383 या भारतीय मानकाला ती मान्य आहे. अर्थात क्रश सँडही कुठल्या तरी टेकडीतून फोडून येते, तिथेही धूळ आणि सुरुंग आहेत. म्हणून गरजेपेक्षा एक खोली जास्त काढताना, किंवा चांगलं उभं असलेलं माळवद पाडताना, किती ब्रास लागणार हे आधी मिस्त्रीकडून लिहून घ्या आणि तो आकडा घरात सगळ्यांसमोर ठेवा.