अहो सोइचिरो

जुलैच्या पावसात आमच्या इमारतीवरून जाणारी केबलची वायर तुटली आणि आईच्या तिन्ही मालिका एका फटक्यात बंद पडल्या. केबलवाला "दोन दिवसांत बघतो" म्हणाला. चौथ्या दिवशी रात्री साडेआठला आई त्याच खुर्चीत, काळ्या टीव्हीसमोर, गवार मोडत बसलेली दिसली आणि माझ्यातला श्रावणबाळ जागा झाला.

"आई, माझ्याकडे एक जपानी मालिका आहे. कार्टूनसारखी, पण मोठ्यांची. प्रेमकहाणी आहे. चाळीतली."

शेवटचा शब्द मी उच्चारायला नको होता. आईची एकवीस वर्षं गिरगावातल्या चाळीत गेली आहेत. तिने गवार बाजूला ठेवली.

'मेझोन इक्कोकु' मी पहिल्यांदा पाहिली ती हॉस्टेलवर, एका मित्राच्या हार्ड डिस्कवरून, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. रुमिको ताकाहाशी यांची ही चित्रकथा १९८० ते १९८७ अशी सात वर्षं चालली आणि तिच्यावरची अ‍ॅनिमे मालिका १९८६ ते १९८८ मध्ये जपानच्या फुजी टीव्हीवर लागली. एकूण भाग ९६. गोष्ट म्हटली तर एवढीशी. लाकडी, दुमजली, जुनं भाडोत्री घर. वर घड्याळाचा मनोरा, घड्याळ बंद. पाच नंबरच्या खोलीतला गोदाई कॉलेजची प्रवेशपरीक्षा नापास झालेला. शेजाऱ्यांच्या जाचाला कंटाळून तो खोली सोडून निघतो, तेवढ्यात घराची नवी व्यवस्थापिका दारात उभी राहते. क्योको. तरुण, सुंदर, विधवा, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. गोदाई बॅग पुन्हा आत नेतो. उरलेले ९५ भाग तो तिला 'ते' सांगायचा प्रयत्न करतो.

माझी योजना अशी होती की सबटायटल्स असतात, आई वाचेल, मी शेजारी बसून जुन्या आठवणी काढीन. आईला इंग्रजी वाचता येतं. पण ती एक एक शब्द लावून पूर्ण वाक्य वाचते, आणि ते संपेपर्यंत पडद्यावर तिसराच माणूस बोलत असतो. पाच मिनिटांनी ती म्हणाली, "तूच सांग." अशा रीतीने मी, वय वर्षे त्रेचाळीस, चालू भाषांतरकार झालो. बिनपगारी.

"रोनिन म्हणजे काय?"

"पूर्वी धनी नसलेल्या सामुरायला म्हणायचे. आता प्रवेशपरीक्षा नापास होऊन पुन्हा बसणाऱ्या मुलाला म्हणतात."

"रिपीटर," आई म्हणाली. हॉस्टेलवर तेरा जणांनी मिळून या शब्दावर अर्धा तास चर्चा केली होती.

शेजाऱ्यांची ओळख करून देण्याची गरजच पडली नाही. एक नंबरच्या इचिनोसेबाई हातात पंखे घेऊन, दारू पिऊन, गोदाईच्याच खोलीत नाचतात. चार नंबरचा योत्सुया भिंतीला भोक पाडून थेट आत येतो आणि गोदाईच्या ताटातलं खातो. सहा नंबरची आकेमी बारमध्ये काम करते आणि घरात जे कपडे घालते त्यांना कपडे म्हणणं हा भाषांतरकाराचा सभ्यपणा. योत्सुया पोटापाण्यासाठी काय करतो हे अख्ख्या मालिकेत कळत नाही. मी हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. आई म्हणाली, "आमच्याकडे नव्हते का सतरा नंबरचे? सूट घालून जायचे, सूट घालून यायचे. गेले तेव्हा कळलं, तेव्हाही नीट नाही कळलं."

आडनावांतली गंमत तिला फार आवडली. इचि म्हणजे एक, योत्सुयातला यो म्हणजे चार, गोदाईतला गो पाच, आकेमीचं आडनाव रोप्पोंगी, त्यात सहा. ज्याची जी खोली तो आकडा त्याच्या आडनावात. क्योकोचं आडनाव ओतोनाशी, त्यातलं 'नाशी' म्हणजे 'नाही', शून्य.

"मग दोन नंबर?"

"चित्रकथेत तिथे निकाइदो म्हणून एक मुलगा राहायला येतो. अ‍ॅनिमेत त्याला गाळलाय."

"खोली रिकामी?" आईचा विश्वास बसेना. "पागडीचा घोळ असणार."

खरा घोळ तिसऱ्या दिवशी सुरू झाला. इंग्रजी सबटायटल लिहिणाऱ्याचं बरं असतं. सासरा असो, प्रेयसी असो, कुत्रा असो, सगळ्यांना एकच 'यू'. मराठीत तोंड उघडायच्या आत ठरवावं लागतं, तू की तुम्ही. गोदाई क्योकोला 'कान्रीनिन-सान' म्हणतो. कान्रीनिन म्हणजे घराची देखभाल करणारी व्यक्ती, 'सान' हे नावामागचं आदराचं शेपूट. चाळीत हे काम मालकाचा मेहता करायचा, पण 'मेहताजी, तुम्ही किती सुंदर दिसता' हे काही मला म्हणवेना. आईने प्रश्न निकालात काढला. "मॅनेजरबाई म्हण." मग क्योको अंगणात झाडू मारताना दिसली, पुढे छपरावर चढून गळती दुरुस्त करताना दिसली. "ही मॅनेजर की मोलकरीण?" पण तिच्या अ‍ॅप्रनवर पिल्लाचं चित्र आणि 'पियो पियो', म्हणजे चिवचिव, लिहिलेलं असतं, त्यावर आई खूश होती.

मग आला तो सुप्रसिद्ध प्रसंग. गोदाई दारू पिऊन रात्री रस्त्यातच आकाशाकडे तोंड करून ओरडतो. सगळी आळी ऐकते. मी हॉस्टेलवर या जागी उशी फेकली होती. आता भरल्या गळ्याने भाषांतर केलं, "क्योको, मी तुझ्यावर प्रेम करतो!"

"थांब," आई म्हणाली. "तो 'क्योको-सान' म्हणाला. 'सान' ऐकलं मी."

रिमोट घेऊन मागे जावं लागलं. 'सान' होतंच. तिला जपानीतला हा एकच शब्द येतो, पण कान गिरगावचा. मी दुरुस्ती केली, "क्योकोबाई, तुम्ही मला आवडता!" आणि माझा लाडका नायक क्षणात संगीत नाटकात जाऊन पडला. आता पेटीवाला सूर देणार आणि हा पद म्हणणार, असं वाटलं.

आईचं मात्र मत एकदम बदललं. "बघ, एवढी चढलीये तरी 'बाई' सोडलं नाही त्याने. मुलगा घरंदाज आहे."

माझी बायको आतून ओरडली, "अरे, आवाज कमी कर." आमच्या घरात 'सान' कोणी वापरत नाही.

आणि मग कुत्रा. क्योकोचा नवरा लग्नानंतर सहा महिन्यांच्या आत गेला. त्याचं नाव सोइचिरो. तिचा मोठा, पांढरा, झोपाळू कुत्रा आहे, त्याचंही नाव सोइचिरो. नवरा जिवंत असताना ती त्याला हाक मारायची तेव्हा हा कुत्रा शेपूट हलवत यायचा, दुसऱ्या कुठल्याच नावाला ओ देईना. नवरा गेला, नाव कुत्र्याकडे राहिलं. आणि ती त्यालाही 'सोइचिरो-सान' म्हणते.

मी हे समजावून सांगितलं आणि आई खुर्चीत ताठ झाली.

"कुत्र्याला अहोजाहो?"

"त्यांच्यात तसं..."

"आम्ही जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नाही. घेतलं ते उखाण्यात, तेही चार बायकांनी दार अडवल्यावर. आणि ही बाई अंगणात उभी राहून दिवसातून दहा वेळा घेते? जेवायला बोलवायला?" मग बराच वेळ ती गप्प बसली. त्या भागात कुत्रा तीन वेळा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा ती हळूच म्हणाली, "तेवढंच नाव घ्यायला मिळतं तिला." त्या रात्रीनंतर कुत्र्यासाठी 'अहो सोइचिरो' हे भाषांतर आमच्या घरात मान्य झालं. मी एकदा चुकून नुसतं 'सोइचिरो' म्हणालो तर डोळे वटारले गेले.

मला सर्वांत जास्त त्रास झाला तो मिताकाचा. मिताका टेनिस शिकवतो. श्रीमंत, देखणा, गाडीवाला, हसला की दात चमकतात आणि चमकल्याचा आवाजही येतो. बाविसाव्या वर्षी मी या माणसाचा मनापासून द्वेष केला होता. आई पहिल्या भेटीतच त्याच्या बाजूला गेली. "स्थळ चांगलं आहे. दात बघ."

"आई, तो कुत्र्यांना घाबरतो. सोइचिरो दिसला की ताठ होतो."

"घाबरू दे की. बाकी काही खोट आहे का?"

मी गोदाईची बाजू मांडू लागलो. साधा आहे, प्रामाणिक आहे. बोलता बोलता आवाज बारीक होत गेला. त्याला नोकरी नाही. कोझुए नावाच्या मुलीशी फिरतो, कारण 'नाही' म्हणता येत नाही. पुढे शाळेत शिकवण्याच्या सरावाला जातो, तर यागामी नावाची विद्यार्थिनी त्याच्या मागे लागून घरात येऊन बसते. ("हिच्या आईला बोलवा," आई.) घरात फोन एक, व्हरांड्यात, कोण उचलेल त्याने निरोप सांगायचा, आणि इचिनोसेबाईंनी सांगितलेला निरोप म्हणजे बातमीपत्र. आईने यावर पीपी नंबरच्या तीन गोष्टी सांगितल्या. मी मात्र मिताकाकडे बघत होतो. वेळेवर येतो, फुलं आणतो, नम्र बोलतो. क्योकोचं मन जिंकायला स्वतः एक छोटं कुत्रं पाळतो, त्याचं नाव मॅकेनरो ठेवतो आणि भीती घालवतो. मुलीचा बाप म्हणून कोणाला निवडशील, असं मला कोणी विचारलं तर, असा विचार मनात आला आणि मी तो ताबडतोब दाबला.

मिताकाच्या घरचे त्याला आसुना नावाच्या घरंदाज मुलीचं स्थळ आणतात. आई ताठ होऊन बसली. कांदेपोहे हा तिचा प्रांत. मग एक दिवस मिताकाला कळतं की दिवस गेलेत. दिवस गेलेत ते आसुनाच्या कुत्रीला, मॅकेनरोच्या कृपेने. पण मिताकाचा समज होतो की आसुनाला. मला हे सगळं ठाऊक. सांगावं तर गंमत जाते, न सांगावं तर आई रात्रभर झोपत नाही. मी कोरड्या आवाजात "दिवस गेलेत" एवढंच भाषांतर केलं. आईने देवघराकडे पाहिलं. सत्य कळल्यावर ती मिताकावर नाही, माझ्यावर चिडली. "कर्ता नीट सांगायला काय झालं होतं?"

सासऱ्यापुढे मात्र तिने हात जोडले. क्योकोचे सासरे स्वतःच तिला म्हणतात की तू आता नवीन आयुष्य सुरू कर. त्या भागानंतर आईने दूध न पिताच दिवा मालवला.

केबल दहाव्या दिवशी आली. तिन्ही मालिका परत आल्या. आई म्हणाली, "त्या कुठे पळतात? हे लाव." गाणीही गाळू देईना. प्रत्येकी चोवीस मिनिटं धरली तर ९६ भागांचे अडतीस तास होतात. गणेशचतुर्थीच्या आदल्या रात्री आम्ही त्या प्रसंगाशी आलो. गोदाई बालवाडीचा शिक्षक झालाय. पाठीवर क्योकोचे वडील आहेत, प्यायलेले, झोपलेले. ("झोपलेला नाहीये तो, बघ," आई.) आणि गोदाई अखेर लग्नाचं विचारतो. क्योको एकच अट घालते.

मी अडकलो. सबटायटल खाली उभं होतं. बाबांना जाऊन सात वर्षं झाली होती.

"काय म्हणते?"

"म्हणते, माझ्यापेक्षा एक दिवस जास्त..." जग की जगा, हे मला ठरवता येईना.

"जगा," आई म्हणाली. "जगा म्हणाली असेल."

पंखा फिरत होता. थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्यांच्यात बायको नवऱ्याला काय म्हणते?"

"अनाता."

"म्हणजे?"

"तुम्ही."

"मग अहोच की," ती म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावून, घसा खाकरून, रिमोट माझ्याकडे सरकवला. "आता पुढचं."

पुढचे भागही संपले. लग्न झालं, बाळ झालं, सोइचिरो अंगणात होताच.

"संपली आई."

"मग पहिल्यापासून लाव. दोन नंबरच्या खोलीचं मला अजून पटलेलं नाही."