एका परिच्छेदापुरता माणूस

नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांच्या १९५८ सालच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीचा शेवट या आठवड्यात पुन्हा वाचला आणि पुन्हा तिथेच अडकलो. नायक ओकोंक्वोने गळफास घेतलेला आहे, प्रेत अजून झाडाला लटकते आहे, आणि तिथून परतणारा इंग्रज जिल्हाधिकारी स्वतःच्या नियोजित पुस्तकाचा विचार करतो आहे: या माणसावर एखादे प्रकरण लिहिता येईल, निदान एक बऱ्यापैकी परिच्छेद तरी. ज्याच्या सुखदुःखात आपण अख्खी कादंबरी घालवली, त्याची साहेबाच्या दप्तरात एवढीच जागा.

तसे परिच्छेद आपल्या जिल्ह्यातही आहेत. १८८३ साली छापलेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे इंग्रज सरकारच्या माहितीग्रंथात, भागोजी नाईक या भिल्ल पुढाऱ्याच्या बंडाची हकिगत आहे. १८५७ मध्ये सिन्नरजवळच्या नांदूर शिंगोटे येथील चकमकीत पोलीस सुपरिटेंडंट हेन्री मारला गेला आणि १८५९ मध्ये भागोजीही मारला गेला. ही सगळी हकिगत पाठलाग करणाऱ्याच्या बाजूने सांगितलेली आहे. कलेक्टर जॅक्सनचा १९०९ मधला वध नाशिककरांना शाळेपासून पाठ असतो; भागोजीचे नाव मात्र पुणे रस्त्याने त्या गावावरून रोज जाणाऱ्यांनाही क्वचितच ठाऊक असते.

भागोजी बंडापूर्वी स्वतः अहमदनगरच्या पोलिसांत नोकरीला होता. सरकारी पगार घेणारा माणूस त्याच सरकारवर बंदूक कधी रोखतो, त्याआधी किती रात्री जागून काढतो, घरातली माणसे त्याला काय म्हणतात, हे गॅझेटियर सांगू शकत नाही. कादंबरीचे काम तिथे सुरू होते.

मात्र अशी कादंबरी पोवाडा होऊ नये, असे मला मनापासून वाटते. अचेबे जुळ्या मुलांना रानात टाकण्याची गावाची रीत लपवत नाहीत. आपल्याला बाप मानणाऱ्या इकेमेफुना या पोरावर ओकोंक्वोने स्वतः घातलेला घावही लपवत नाहीत. म्हणूनच त्या जगाचे मोडणे खरे वाटते आणि जिव्हारी लागते. साहेबाने दरोडेखोर म्हटले म्हणून आपण देव म्हणायचे, तर माणूस दोन्हीकडून हरवतो.

सिन्नर, अकोले, संगमनेर भागातल्या कुणी घरच्या म्हाताऱ्यांच्या तोंडून भागोजीबद्दल काही ऐकले असेल, तर ते आहे तसे, त्यांच्याच शब्दांत, जरूर लिहून ठेवावे आणि मलाही कळवावे.